काचेवर गोठलेले दव आणि उकळत्या पाण्याचा धोका

गुहागरच्या एका गाडीमालकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जानेवारीत सात आसनी गाडीतून पाहुण्यांना घेऊन ते महाबळेश्वरला गेले आणि रात्री गाडी वेण्णा तलावाजवळ उघड्यावर उभी केली. पहाटे समोरच्या काचेवर पांढरा, कडक थर बसलेला होता आणि वायपर जागचे हलत नव्हते. पाहुण्यांना निघण्याची घाई असल्यामुळे मुक्कामाच्या ठिकाणच्या स्वयंपाकघरातून उकळते पाणी आणून काचेवर ओतले. थर लगेच गेला, परंतु उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातून वीतभर लांबीचा तडा वर सरकला. मोबाईलवर तापमान ५ अंश दाखवत असताना बर्फ कसा झाला, तडा पाण्यामुळे गेला की काचच सदोष होती, पुन्हा अशी वेळ आली तर काय करावे आणि आता या काचेचे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

चिपळूणला गाड्यांच्या काचा बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी पुष्कळ वर्षे करत आहे. किनाऱ्यावर बर्फ पडत नाही, म्हणून या विषयाकडे आपल्याकडे कोणी गंभीरपणे पाहत नाही. परंतु पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की दीड-दोन तासांत आपण वेगळ्याच हवामानात पोहोचतो आणि गाडी मात्र कोकणातलीच असते. दर हिवाळ्यात अशा तडा गेलेल्या काचा माझ्याकडे येतात. त्यांतली बहुतेक नुकसाने टाळण्यासारखी असतात, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

तडा पाण्यामुळे गेला का, याचे उत्तर आधी देतो. होय, तडा जाण्याचे तात्कालिक कारण उकळते पाणीच आहे. मात्र निर्दोष काच एवढ्याने दर वेळी फुटतेच असे नाही. ज्या कोपऱ्यातून तडा निघाला, तिथे बॅटरीच्या उजेडात तिरके पाहा आणि नखाची कड हलकेच फिरवा. खडी लागून उडालेला बारीकसा टवका किंवा कडेला जुनी खाच तिथे सापडण्याची शक्यता फार मोठी आहे. मुंबई–गोवा महामार्गाचे रुंदीकरण इतकी वर्षे चालू राहिले आहे आणि खडीचे डंपर त्यावर सतत ये-जा करत आले आहेत, त्यामुळे या रस्त्यावर नियमित धावणाऱ्या गाडीच्या काचेवर एकही टवका नसणे हे मला क्वचितच दिसते. टवका हे दुखणे आधीपासूनच असते आणि तापमानाचा झटका ते उघडे करतो.

आता बर्फाकडे वळू. मोबाईलवर दिसणारे किंवा वर्तमानपत्रात छापून येणारे तापमान हे हवेचे असते, आणि ते जमिनीपासून सुमारे छातीएवढ्या उंचीवर, सावलीत मोजायचे असते. तुमच्या गाडीची काच मात्र उघड्या आकाशाखाली होती. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री टप, बॉनेट आणि काच आपली उष्णता सतत आकाशाकडे सोडत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक थंड होतात. हवा ४-५ अंशांवर असतानाच काच शून्याखाली जाऊ शकते, ती याच कारणाने. वेण्णा तलावाचा परिसर सखल आहे. थंड हवा जड असल्यामुळे ती उतारावरून वाहत येऊन अशा जागी साचते, आणि तलावाच्या पाण्यामुळे तिथे आर्द्रताही भरपूर असते. त्यामुळे महाबळेश्वरच्या बाजारपेठेत नुसती थंडी असताना तलावाजवळ आणि लिंगमळ्याच्या बाजूला दव गोठल्याच्या बातम्या जवळपास दर हिवाळ्यात येतात. बाजूच्या काचा उभ्या असतात आणि त्यांना आकाश कमी दिसते, म्हणून त्यांच्यावर थर कमी बसतो. समोरची काच तिरकी आणि रुंद असल्यामुळे सर्वांत जास्त थर तिच्यावरच असतो. तुमच्या गाडीच्या बाबतीतही असेच झाले असणार.

काच का तडकते हे नीट समजले तर पुढचे सगळे उपाय आपोआप पटतील, म्हणून तिथे थोडा थांबतो. समोरची काच एकसंध नसते. दोन पातळ काचांच्या मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीचा पापुद्रा दाबून ती तयार केलेली असते आणि तिची एकूण जाडी साधारण पाच मिलिमीटर भरते. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून १९०३ मध्ये एक चंबू खाली पडला. त्याला तडे गेले, पण आतल्या वाळलेल्या रसायनाच्या थरामुळे तुकडे विखुरले नाहीत. त्या निरीक्षणातून त्यांनी १९०९ मध्ये अशा काचेचे पेटंट घेतले. आज अपघातात समोरच्या काचेचे तुकडे आतल्या माणसांच्या अंगावर उडत नाहीत, याचे श्रेय त्या मधल्या थराला जाते. परंतु हा थर तुकड्यांना धरून ठेवतो, तडा जाणे थांबवत नाही.

काच दाब सहन करण्यात भक्कम आणि ताण सहन करण्यात अगदी दुबळी असते. एक मीटर लांबीची काच ६० अंशांनी तापली तर तिची लांबी सुमारे अर्ध्या मिलिमीटरने वाढते. पूर्ण काच सावकाश आणि सारखी तापली तर या वाढीने काही बिघडत नाही. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथे पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळते, परंतु शून्याखाली गेलेल्या काचेच्या दृष्टीने तोही फार मोठा फरक आहे. पाणी जिथे पडते तो भाग क्षणात प्रसरण पावू लागतो, शेजारचा भाग अजून गोठलेलाच असतो आणि त्याला जागा देत नाही. हा सगळा ताण थंड भागावर आणि कडांवर येतो. वरची काच तापलेली आणि आतली काच अजून थंड, असा फरक जाडीतही निर्माण होतो. ताणाखालच्या भागात कुठे टवका असला की तडा तिथून सुरू होतो आणि लांबत जातो. तुमचा तडा कोपऱ्यातून निघाला, हे याच्याशी पूर्णपणे जुळणारे आहे.

गरम पाण्याचे आणखी दोन तोटे आहेत, ते काच न फुटताही होतात. उघड्यावर पसरलेला पाण्याचा पातळ थर लवकर निवतो, आणि काच अजून शून्याखाली असेल तर तोच थर गुळगुळीत बर्फ होऊन पुन्हा बसतो. तो आधीच्या पांढऱ्या थरापेक्षा काढायला कठीण असतो. शिवाय ते पाणी वायपरच्या खालच्या जाळीतून आत जाते आणि वायपरच्या सांध्यांपाशी गोठू शकते.

वायपरबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण काचेच्या खालोखाल नुकसान त्यांचेच होते. रबराची कड काचेला चिकटून गोठलेली असताना वायपर चालू केले तर कड फाटते, फ्यूज उडतो, आणि प्रसंगी मोटर जळते किंवा तिचे जोडदांडे निखळतात. पाऊस ओळखून आपोआप चालणारे वायपर असलेल्या गाडीत हा धोका अधिक असतो, कारण चावी फिरवताच ते स्वतःहून हलू पाहतात. म्हणून थंडीच्या ठिकाणी रात्री गाडी बंद करण्यापूर्वी वायपरचा खटका स्वतः बंद स्थितीत आणून ठेवावा. चिकटलेला वायपर हाताने ओढून काढू नये. काच आतून तापली की तो आपणहून सुटतो.

पुन्हा अशी पहाट आली तर पुढील क्रमाने वागावे. प्रथम गाडी मोकळ्या हवेत उभी आहे याची खात्री करून इंजिन चालू करावे. बंद गॅरेजमध्ये, पडवीत किंवा तिन्ही बाजूंनी झाकलेल्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काच तापवत बसणे जिवावर बेतू शकते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वास नसतो, त्यामुळे आत बसलेल्या माणसाला गुदमरण्याची जाणीवसुद्धा होत नाही. मग ब्लोअरची दिशा समोरच्या काचेकडे वळवावी, बाहेरची हवा आत घेण्याचा पर्याय निवडावा आणि तापमानाची कळ एकदम शेवटपर्यंत न फिरवता मध्यावर ठेवावी. सुरुवातीला इंजिनच थंड असल्यामुळे हवा कोमट होण्यास काही मिनिटे लागतात, आणि काचेसाठी ते हिताचेच आहे, कारण उष्णता तिला हळूहळू आणि सर्वत्र मिळते. चार-पाच मिनिटांनी कळ आणखी पुढे न्यावी.

बाहेरची हवा आत घ्यावी असे मी आग्रहाने सांगतो, कारण शून्य अंशाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त पाच ग्रॅमच्या आसपासच बाष्प मावते. तीच हवा हिटरमधून तापून आली की अतिशय कोरडी होते आणि काचेच्या आतल्या बाजूला साचलेले बाष्प शोषून घेते. आतलीच हवा फिरवत ठेवली तर प्रवाशांच्या श्वासातले पाणी काचेवर परत परत बसत राहते. सात माणसे आत बसल्यावर हे पाणी थोडेथोडके नसते. एक माणूस नुसता बसून असला तरी श्वास आणि त्वचा मिळून तासाला ४०-५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. म्हणून बाहेरचा थर निघेपर्यंत पाहुण्यांना चहा घेत मुक्कामाच्या ठिकाणीच थांबू द्यावे, आणि गाडीत चालकाने एकट्यानेच बसावे.

थर सुटायला वेळ का लागतो, हेही लक्षात घ्यावे, म्हणजे घाई होणार नाही. शून्य अंशावरच्या एक ग्रॅम बर्फाचे त्याच अंशावरचे पाणी करायला ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेने ते पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापले असते. म्हणजे थर दिसायला पातळ असला तरी त्याची भूक मोठी असते. आतून मिळालेल्या उष्णतेने थराचा काचेला चिकटलेला भाग आधी ओला होतो. मग तो अख्ख्या पापुद्र्यांनी सुटू लागतो, आणि त्याच वेळी खरवडणे सोपे जाते.

खरवडण्यासाठी प्लास्टिकची पट्टी वापरावी. हिवाळ्यात घाट चढणाऱ्या गाडीत ती कायम असावी, आणि नसली तर पातळ थरासाठी जुने, निकामी प्लास्टिकचे कार्डही चालते. पट्टी काचेशी साधारण ४५ अंशांत धरावी आणि वरून खाली, एकाच दिशेने, हलक्या हाताने चालवावी. सुरी, उलथने, कात्री, पत्र्याचा तुकडा किंवा भांडी घासायची तारेची घासणी यांतले काहीही काचेला लावू नये. बर्फ स्वतः इतका मऊ असतो की तो काचेला ओरखडा पाडू शकत नाही, मात्र बर्फात अडकलेली वाळू काचेपेक्षा कठीण असते. आणि कोकणातल्या गाडीवर वाळू असतेच. गुहागर, आंजर्ले, मुरूड, तारकर्ली अशा किनाऱ्यांवरून परतलेल्या गाडीच्या काचेवर बारीक वाळू, आणि आतल्या भागातून येणाऱ्या गाडीवर चिरेखाणींची लाल धूळ बसलेली असते. त्यावर दव पडते, ते गोठते, आणि मग खरवडताना तोच थर पॉलिश पेपरसारखा काम करतो. हे ओरखडे दिवसा जाणवत नाहीत, पण रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा उजेड त्यांवर फाकतो आणि घाटातले वळण दिसेनासे होते. म्हणून महाबळेश्वरला पोहोचल्यावर संध्याकाळी, दव पडायच्या आधी, काच भरपूर पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने कोरडी करावी. दुसऱ्या दिवशीचे निम्मे काम तिथेच हलके होते.

फवारा मारायचा असेल तर ७० टक्के तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन भाग आणि पाण्याचा एक भाग असे मिश्रण फवारणीच्या बाटलीत करावे आणि त्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन-चार थेंब टाकावेत. हे मिश्रण शून्याखालीही पातळ राहते, बर्फाच्या थरात शिरते आणि तो सैल करते. मेडिकल दुकानात किंवा रसायनांच्या दुकानात हे अल्कोहोल मिळते. मात्र साध्या खोलीच्या तापमानालाही त्याची वाफ पेट घेऊ शकते, म्हणून विडी-सिगारेट, शेगडी किंवा शेकोटी जवळ असताना ते वापरू नये, गाडीच्या आत फवारू नये, आणि परत खाली आल्यावर कोकणातल्या उन्हात बंद गाडीमध्ये बाटली ठेवून देऊ नये. हातांसाठीचे जंतुनाशक याच कामाला वापरावे का, असे पुष्कळ जण विचारतात. त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि काचेवर त्याचा तेलकट पडदा राहतो. उन्हाकडे तोंड करून गाडी चालवताना हा पडदा बर्फाइतकाच त्रास देतो, म्हणून मी ते सुचवत नाही.

मीठ टाकलेले पाणी ओतावे, असा सल्लाही सर्रास दिला जातो. मिठाने बर्फ वितळतो हे खरे आहे. परंतु ते पाणी बॉनेटच्या फटीत, वायपरच्या सांध्यांत आणि काचेच्या चौकटीच्या पत्र्यात जाऊन बसते. खाऱ्या हवेने आपल्या गाड्यांचे पत्रे आधीच कसे सडतात, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला सांगायला नको. काचेच्या चौकटीला एकदा गंज लागला की नवी काचसुद्धा तिथे नीट चिकटत नाही. मिठाचे पाणी काचेवर कधीही ओतू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हिनेगरचा उपयोग नाही, कारण स्वयंपाकातल्या व्हिनेगरमध्ये जवळजवळ सगळे पाणीच असते.

नळाचे साधे, न तापवलेले पाणी चालेल का? महाबळेश्वरला बसतो तसा पातळ थर असेल, काचेवर टवका नसेल आणि ऊन पडू लागले असेल तर चालते. ते बाटलीने वरच्या कडेपासून सलग सोडावे आणि खाली येताच कोरड्या कापडाने लगेच पुसून घ्यावे. काळोख असताना मात्र ते पुन्हा गोठण्याची शक्यता असते, तेव्हा त्या वाटेने जाऊ नये. जानेवारीत तिथे सातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि ऊन थेट काचेवर आले तर पातळ थर बहुधा लवकरच सुटतो. निघण्याची वेळ अर्धा तास पुढे ढकलणे हा यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि पाहुण्यांना तो आदल्या रात्रीच सांगून ठेवावा.

काच पूर्ण स्वच्छ झाल्याशिवाय गाडी हलवू नये. चालकासमोर तळहाताएवढी जागा मोकळी करून निघणारे लोक मी पाहिले आहेत. सकाळचे तिरपे ऊन समोरून आले की उरलेला पांढरा थर उजळून निघतो आणि त्या मोकळ्या जागेतूनही काही दिसत नाही. आंबेनळीसारख्या घाटात हे अत्यंत घातक आहे. बाजूचे आरसे, दिवे आणि मागची काचही मोकळी करावी. मागच्या काचेच्या आतल्या बाजूला ज्या बारीक आडव्या रेषा असतात त्या तापणाऱ्या तारा आहेत. त्यांवर आतून काहीही खरवडू नये, कारण रेषा तुटली की तेवढा पट्टा कायमचा थंड राहतो.

थर बसूच नये म्हणून रात्री काय करता येईल, हे खरे तर अधिक महत्त्वाचे आहे. गाडी तलावाकाठी किंवा सखल मोकळ्या मैदानात लावू नये. छपराखाली, पोर्चमध्ये किंवा निदान दाट झाडाखाली लावावी. काचेच्या आणि आकाशाच्या मध्ये काहीही आडोसा आला की काचेची उष्णता तशी निघून जात नाही आणि दव कमी पडते. आडोसा नसेल तर गाडीचे तोंड पूर्वेकडे, सकाळचे ऊन येईल असे करावे आणि काच झाकावी. झाकण्यासाठी स्वच्छ, कोरडी चादर आणि तिच्यावर ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक घेऊन दोन्ही टोके पुढच्या दारांत दाबून बंद करावीत. ओले टॉवेल किंवा दमट कापड टाकू नये, कारण ते काचेसकट गोठते. तांदळाची रिकामी गोणीही नको, तिच्यात माती आणि कोंडा असतो.

परतीच्या वाटेवरची एक गोष्ट सांगायला हवी. महाबळेश्वरची गार झालेली गाडी सकाळी घाट उतरून पोलादपूरकडे येते, तेव्हा ती बाराशे मीटरच्या आसपास खाली येते आणि दमट, उबदार हवेत शिरते. या वेळी काच धूसर झाली तर ती कोणत्या बाजूने झाली आहे हे आधी पाहावे. शेजारी बसलेल्या माणसाला आतून काचेवर बोट फिरवायला सांगितले की लगेच कळते. बोटाची रेघ उमटली तर बाष्प आत आहे, आणि तेव्हा एसी चालू करून कोरडी हवा काचेवर सोडावी. रेघ उमटली नाही तर बाष्प बाहेर आहे. तेव्हा वायपर फिरवावेत आणि काचेवर येणारी थंड हवा बंद करून तापमान वाढवावे. बाहेरून धूसर झालेल्या काचेवर आतून आणखी गार हवा सोडत राहणारे चालक फार आहेत, त्याने धूसरपणा वाढतो. पावसाळ्यात कोकणात हे रोज घडते. जुलैमध्ये हवा २७ अंशांवर आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर काच २५ अंशांच्या थोडी खाली गेली तरी तिच्यावर बाहेरून पाणी बसते, आणि एसीने ती सहज तेवढी गार होते.

किनाऱ्यावरच्या हिवाळी सकाळी काचेवर नुसते दव असते, पण त्याच्याखाली मिठाचा पापुद्रा असतो. दुपारच्या खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले समुद्राचे बारीक तुषार काचेवर वाळतात, आणि हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढून ओले होते. म्हणून असगोली किंवा हर्णैसारख्या अगदी समुद्राला लागून असलेल्या गावांत, पुसूनही पुन्हा पुन्हा धूसर होणारी काच दिसते. ती पुसून उपयोग नाही, गोड्या पाण्याने धुवावी लागते. कोरड्या काचेवर वायपर फिरवणे तिथे टाळावे.

जी चूक महाबळेश्वरला थंडीत होते, तीच उलट दिशेने एप्रिल-मेमध्ये आपल्या अंगणात होते. दुपारभर उन्हात उभी राहिलेली गाडी धुवायची म्हणून विहिरीचे गार पाणी थेट तापलेल्या काचेवर ओततात, किंवा आत बसताच एसीचा पूर्ण झोत काचेवर सोडतात. काच तापलेली असताना ती अचानक एका जागी आकसली की ताण तितकाच येतो, आणि टवका असलेली काच तितकीच सहज तडकते. कोकणात माझ्याकडे येणाऱ्या तडा गेलेल्या काचांमध्ये बर्फापेक्षा उन्हाळ्यातल्या या काचाच कितीतरी जास्त असतात. गाडी आधी सावलीत घ्यावी, दारे उघडून आतली हवा जाऊ द्यावी, आणि धुण्यास चाकांपासून सुरुवात करून काच शेवटी घ्यावी.

काही जण गाडी घेऊन थेट मनाली, सोनमर्ग किंवा लडाखपर्यंत जातात. त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की आपल्याकडे काच धुण्याच्या टाकीत साधे पाणी भरलेले असते. ते तिथे नळ्यांत गोठते, आणि चालत्या गाडीत गोठलेल्या काचेवर फवारले तर क्षणात समोर बर्फाचा पडदा उभा राहतो. ते इथूनच काढून टाकावे आणि न गोठणारा काच धुण्याचा द्रव भरावा. रेडिएटरमध्येही नुसते पाणी असेल तर कूलंटचे योग्य प्रमाण भरून घ्यावे.

आता तुमच्या काचेबद्दल. खडीचा टवका एक रुपयाच्या नाण्याएवढा किंवा त्याहून लहान असेल, चालकाच्या थेट नजरेसमोर नसेल आणि कडेपासून दूर असेल तर त्यात राळेसारखे द्रव्य भरून तो पक्का करता येतो. हे काम टवका उडाल्यावर जितक्या लवकर कराल तितके चांगले उतरते, कारण पाणी, धूळ आणि मीठ आत गेले की द्रव्य नीट धरत नाही. तोपर्यंत टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवावी. झटपट चिकटणारा घरगुती गोंद भरू नये, त्याने पुढची दुरुस्ती अशक्य होते. तुमचा तडा मात्र कडेपासून निघालेला आणि वीतभर लांब आहे. तो भरून घेण्यासारखा नाही, काच बदलावी लागेल. घाटातल्या खड्ड्यांत आणि दार जोरात आपटल्याने तो वाढत जाईल. समोरची काच टपाला आधार देते, आणि अनेक गाड्यांत शेजारच्या आसनाची एअरबॅग उघडताना तिच्यावरच टेकते. त्यामुळे प्रवासी वाहतूक करणाऱ्या गाडीत अशी काच ठेवणे मला योग्य वाटत नाही.

नवी काच घेताना कोपऱ्यातला शिक्का वाचावा. त्यावर आयएसआय चिन्ह आणि आय. एस. २५५३ हा मानक क्रमांक असावा, आणि काच मध्ये पापुद्रा असलेली म्हणजे लॅमिनेटेडच असावी. काचेवर काळी फिल्म लावून घेऊ नये. नियमानुसार समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश पलीकडे गेला पाहिजे. जुनी काच काढल्यावर चौकटीचा पत्रा स्वतः पाहावा. गंज दिसला तर तो घासून, प्राइमर लावून, वाळल्यावरच नवी काच बसवायला सांगावे, मग त्यासाठी गाडी एक दिवस जास्त ठेवावी लागली तरी चालेल. काच चिकटवण्याचे पॉलियुरेथेन हवेतल्या आर्द्रतेने घट्ट होते, त्यामुळे आपल्याकडे ते बरे सुकते, मात्र थंडीत त्याला वेळ अधिक लागतो. चिकटद्रव्याच्या नळीवर लिहिलेला अवधी पूर्ण होईपर्यंत गाडी हलवू नये. पहिल्या दिवशी एका खिडकीची काच बोटभर खाली ठेवावी, म्हणजे दार लावताना आतल्या हवेचा दाब नव्या काचेवर येत नाही. पुढचे दोन-तीन दिवस गाडी जोरदार फवाऱ्याने धुऊ नये, आणि त्या दिवसांत महाबळेश्वरचे भाडे घेऊ नये.